पोटपट्टा, मूळबंध आणि नमस्कार : सातारा-सांगलीकडील सूतिकोपचाराचें एक टिपण

सातारा व सांगली हे जिल्हे आज निरनिराळे मोजले जातात. पण ही वांटणी अगदी अलीकडची आहे. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवाचा जिल्हा निघाला आणि त्यालाच १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. तत्पूर्वीं या मुलखांत ब्रिटिश तालुके आणि सांगली, मिरज, जत, फलटण, औंध इत्यादि संस्थानांचे तुकडे एकमेकांत गुंतलेले होते. औंधाचेंच पहा. राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यांतील खटाव तालुक्यांत, आणि आटपाडी व कुंडल हे भाग आजच्या सांगली जिल्ह्यांत. म्हणून ज्या विषयाचा विचार आम्ही येथें करणार आहों, त्यास या दोन जिल्ह्यांमधील आजची सीमा लावून चालत नाहीं.

विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस थोडा अनोळखी वाटेल. सनदा, महजर, तहनामे आणि जमाखर्च यांच्या रुमालांत ज्यांचे दिवस जातात, त्यांच्यापुढें गर्भिणीच्या व बाळंतिणीच्या ओटीपोटाची गोष्ट कशाला मांडावी, असें कोणी विचारील. आमचें उत्तर इतकेंच कीं, त्या सनदांत ज्यांचीं नांवें आहेत ते सर्व कोणा तरी बाळंतिणीच्या पोटीं जन्मले, आणि त्या जन्मानें तिच्या शरीराचें काय झालें हाही इतिहासाचाच भाग आहे. तो लिहिला गेला नाहीं, याचें कारण साधनें नाहींत हें नव्हे. तीं साधनें आम्हीं संग्राहकांनींच किरकोळ ठरविलीं, हें आहे.

आधीं शारीर थोडक्यांत सांगतों. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय व मलाशय यांचा भार तिच्यावर असतो. गर्भारपणीं हा भार वाढतो, आणि प्रसूतीच्या वेळीं मूल याच झोळींतून वाट काढतें. ती फार ताणली किंवा फाटली, तर पुढें खोकतांना, शिंकतांना, पाण्याची घागर उचलतांना लघवी सुटूं लागते. कित्येकींचें मायांग खालीं येतें. ‘अंग बाहेर येणें’ हा आपल्याकडील बायकांचा त्यासाठींचा शब्द. बाळंतपणानंतरच्या पहिल्या कांहीं महिन्यांत सुमारें एकतृतीयांश स्त्रियांस लघवी न आवरण्याचा त्रास होतो, असें आतांच्या पाहण्यांवरून दिसतें. यावर आज जो उपचार करितात त्यांत औषध नाहीं आणि शस्त्रही नाहीं. हे स्नायू कोणते तें स्त्रीस ओळखावयास शिकवावयाचें, ते वर आंखडून धरावयाचे, पुन्हा सैल सोडावयाचे, आणि हा क्रम गर्भारपणापासून सुरू ठेवावयाचा. कित्येकींचे स्नायू उलट आखडलेले असतात. त्यांस सैल सोडण्याचेंच शिक्षण अगोदर द्यावें लागतें. गर्भारपणीं लवकर आरंभ केल्यास पुढील त्रासाचा संभव कमी होतो, हेंही आतां ठरलें आहे.

या उपचाराचा इतिहास अमेरिकेंतील डॉ. आर्नोल्ड केगल यांच्या १९४८ च्या निबंधापासून सुरू करण्याची रूढि आहे. त्यांनीं एक दाबमापक यंत्र केलें. स्नायू आंखडले म्हणजे कांटा हालावयाचा व तो स्त्रीस स्वतःच्या डोळ्यांनीं दिसावयाचा. याच सालीं मार्च महिन्यांत औंध संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कार्यकारणसंबंध कांहीं नाहीं. तथापि आमच्या प्रश्नास ही सीमारेषा सोयीची आहे. १९४८ पर्यंत आपल्या या मुलखांत या अंगाविषयीं काय ठाऊक होतें, तें कोणास ठाऊक होतें, आणि तें बाळंतिणीपर्यंत पोंचलें होतें काय?

प्रथम वैद्यकग्रंथ. चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत गर्भिणीच्या मासानुमासिक पथ्यांत नवव्या महिन्यासाठीं तेलाचा अनुवासन बस्ति सांगितला आहे, आणि त्याबरोबर तेलांत भिजविलेला पिचु योनींत ठेवावा असें सांगून त्याचें प्रयोजनही दिलें आहे : गर्भाचें स्थान व त्याचा मार्ग स्निग्ध व्हावा. शेवटच्या आठवड्यांत तेल लावून तो भाग मृदु करण्याची जी रीति आज प्रसूतितज्ज्ञ सांगतात, तिच्याशीं हें कलम ताडून पाहण्यासारखें आहे. पुढें प्रत्यक्ष प्रसूतीच्या प्रकरणीं दोन वाक्यें याहूनही महत्त्वाचीं आहेत. वेणा आल्यावांचून स्त्रीनें कुंथूं नये. तें कुंथणें व्यर्थ जातें, आणि आईस व मुलास दोघांसही अपाय करितें, असें एक. दुसरें मुसळाचें. प्रसूति लांबली तर स्त्रीनें उठून मुसळ घ्यावें व उखळांत धान्य कांडावें, असें कांहींचें मत ग्रंथकार नमूद करितो आणि भगवान आत्रेयांच्या मुखें तें खोडून काढितो. गर्भिणीस दारुण व्यायाम सदैव वर्ज्य, मग प्रसूतिकाळीं तर विशेषच. फिरणें मात्र चालेल, असा निर्णय आहे.

हा वाद आम्हांस फार मोलाचा वाटतो. मुसळाची गोष्ट कोणा ऋषीच्या तर्कांतून निघालेली नव्हे. ती घरांतली आहे. सूतिकागारांत पुष्कळ वेळां बाळंत झालेल्या, मायाळू व अनुभवी अशा बायका असाव्यात, असेंही चरक याच प्रकरणीं सांगतो. म्हणजे ग्रंथकार ज्या खोलीविषयीं लिहीत आहे, तींत सुईणी आधींपासूनच होत्या; त्यांचें कांहीं त्यानें घेतलें आणि कांहीं नाकारलें. आपल्याकडे सूतिकोपचारांतील प्रत्येक घरगुती चाल आयुर्वेदांतून खालीं झिरपली असें गृहीत धरण्याची संवय आहे. या एका कलमापुरतें तरी पाणी उलट दिशेनें वाहिलेलें स्पष्ट दिसतें.

पोटपट्ट्याचेंही तसेंच असावें. प्रसूतीनंतर तूप व तेल पोटास चोळून मोठ्या स्वच्छ वस्त्रानें पोट वेष्टावें, म्हणजे मोकळी जागा न राहिल्यामुळें वायु पोटांत विकृति करीत नाहीं, असें चरक म्हणतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतही हा विधि आहे. महाराष्ट्रांतील वैद्यांच्या घरीं वाग्भटाच्या पोथ्या पुष्कळ, आणि अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० सालीं मुंबईस छापून काढल्यावर तर तो ग्रंथ हवा त्याच्या हातीं आला. परंतु कृष्णाकांठच्या ज्या सुईणी जुन्या लुगड्याची पट्टी काढून बाळंतिणीचें पोट आवळीत, त्यांनीं वाग्भट वाचला नव्हता. तेलाचें मर्दन, कढत पाण्याची न्हाणी, बाजेखालीं शेगडी, ओवा व बाळंतशोपा यांची धुरी, कातबोळ, डिंकाचे व अळिवाचे लाडू, आणि सव्वा महिना उंबऱ्याबाहेर न जाणें, हा सर्व क्रम त्यांस आई-सासूकडून आलेला. यांत या मुलखाचें वैशिष्ट्य म्हणून दाखवावें असें फारसें नाहीं; घाटावर सर्वत्र थोड्याफार फरकानें हेंच चाले. अंग सैल पडलें तर माजूफळ, तुरटी, डाळिंबाची साल अशीं तुरट द्रव्यें वापरीत.

या क्रमांतील सर्वांत उपयुक्त भाग कोणता म्हणाल, तर आमच्या मतें सव्वा महिन्याची विश्रांति. ताणलेल्या स्नायूंस भारावांचून सांधण्यास वेळ मिळणें हें अर्धें औषध आहे. पण ही विश्रांति ज्यांच्या घरीं पाणी भरावयास दुसरें माणूस होतें त्यांनाच मिळे. शेतांत राबणारी बाई दहा-बारा दिवसांत डोक्यावर भारा घेऊन उभी राही, आणि पुढें ‘अंग’ तिचेंच बाहेर येई. पट्ट्याविषयीं एक सावधगिरी सांगितली पाहिजे. तो बेतानें बांधला तर कंबरेस आधार देतो. फार आवळला तर पोटांतला दाब वर जाण्यास जागा नसल्यानें खालीं, त्या दुबळ्या झोळीवरच, येतो. चरकानें ‘मोठें वस्त्र’ म्हटलें आहे, चिंचोळी दोरी म्हटलेली नाहीं.

अंग बाहेर आल्यावर काय करावें हेंही ग्रंथांत आहे. तूप लावून, दुधाच्या वाफेनें शेकून, तें हातानें आंत बसवावें व वरून बंध द्यावा, असा सुश्रुताच्या उत्तरतंत्रांतील उपचार. जागा सोडलेलें हें अंग स्त्रीस शल्यासारखें सलतें, असें चरक चिकित्सास्थानांत म्हणतो. दुखण्याची जाण यांत पुरेपूर आहे. मात्र जे स्नायू हें अंग तोलून धरितात ते स्त्रीनें स्वतः हालवावे, ही सूचना आम्हांस या प्रकरणांत कोठेंही दिसत नाहीं. येथें सर्व कांहीं तिच्यावर केलें जातें. ती स्वतः कांहीं करीत नाहीं.

ती सूचना होती, पण दुसऱ्याच पोथींत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत मूळबंधाचें वर्णन आहे. टाच शिवणीच्या जागीं नेमकी कशी बसवावी, शरीराचा तोल कसा सांभाळावा, आणि मग खालीं जाणारा अपान माघारा कसा वळतो, हें सर्व ज्ञानदेवांनीं मराठींत, आसनाची मापें घेतल्याप्रमाणें, सांगितलें आहे. पुढें हठयोगप्रदीपिकेंत त्यास गुदाचें आकुंचन स्पष्ट शब्दांत जोडलें आहे, आणि घेरंडसंहितेंत अश्विनी मुद्रा म्हणून तेंच आकुंचन वारंवार करावयास सांगितलें आहे. आज स्त्रियांस जी क्रिया शिकवितात तिचा गाभा हाच. मूळबंधाच्या फलश्रुतींत मूत्र व पुरीष कमी होतें असेंही प्रदीपिका म्हणते. यावरून लघवी आवरण्याचा गुण ग्रंथकारास ठाऊक होता असें म्हणण्याचा मोह होतो. पण ग्रंथांत ‘कमी होणें’ आहे, ‘आवरणें’ नाहीं, आणि शब्दापुढें जाण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

वाचकांनीं आणखी एक गल्लत टाळावी. हठग्रंथांत ‘योनि’ हा शब्द शिवणीच्या जागेस लावितात, पुरुषाच्याही. वैद्यकग्रंथांत तोच शब्द स्त्रीच्या जननांगास. एका पोथींतील वाक्य दुसरीच्या अर्थानें वाचून ‘आमच्या पूर्वजांनीं बाळंतिणीस मूळबंध सांगितला होता’ असें म्हणणारे आज पुष्कळ निघाले आहेत. तसें त्यांनीं सांगितलें नव्हतें. प्रदीपिकेंत वज्रोलीच्या प्रकरणीं स्त्रीचा उल्लेख आहे, पण तो योगिनीचा. प्रसूत स्त्रीचा नव्हे.

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याच शतकांतला, आणि त्यानें अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिली. म्हणजे एकाच राज्यांत, एकाच शतकांत, एकीकडे बाळंतिणीचें पोट बांधण्याचा ग्रंथ संस्कृतांत पुन्हा विवरला जात होता आणि दुसरीकडे त्या स्नायूंच्या आकुंचनाचें वर्णन देशी भाषेंत होत होतें. दोन्ही पोथ्यांच्या नकला पुढें सहाशें वर्षें याच महाराष्ट्रांत होत राहिल्या. कित्येक घरीं एकाच रुमालांत बांधल्या गेल्या असतील. एकीचा वाचक वैद्य, दुसरीचा वारकरी किंवा साधक. सुईणीस दोन्हींपैकीं एकही वाचतां येत नव्हती. या सहाशें वर्षांच्या अंतरास आम्ही अज्ञान म्हणणार नाहीं. ज्ञान होतें, तें निरनिराळ्या दारांआड होतें.

पाश्चात्य वैद्यकानें तरी हीं दारें उघडलीं काय? डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें पदवीसाठीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयच आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता; कोल्हापूरच्या रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती, पण १८८७ च्या फेब्रुवारींत त्या निवर्तल्या. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांचें मिशन रुग्णालय १८९४ पासून चालू झालें आणि त्याची कीर्ति दक्षिणेंत दूरवर गेली. तथापि त्या काळीं बाहेर आलेल्या अंगास पाश्चात्यांजवळही मुख्यतः शस्त्र किंवा आधाराचें कडें हेच उपाय होते. स्नायूंस शिकविण्याची कल्पना त्यांच्याकडेही बाल्यावस्थेंत होती.

आतां औंधाकडे वळूं. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) हे चित्रकार, कीर्तनकार व ग्रंथकार म्हणून वाचकांस परिचित आहेतच. १९३५ च्या इंदूर येथील साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. तरुणपणीं त्यांनीं सँडो या जर्मन मल्लाची व्यायामपद्धति, उपकरणें आणवून, दहा वर्षें चालविली. पुढें मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास त्यांनीं ती सोडून सूर्यनमस्कार धरले. या तपशिलाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधितों. ज्या नमस्कारांस जग आज औंधाचे म्हणून ओळखतें, त्यांची प्रेरणा कृष्णेच्या खोऱ्यांतून, मिरजेहून, गेलेली आहे. गादीवर आल्यावर त्यांनीं शाळांतून मुलांमुलींस नमस्कार सक्तीचे केले, मराठींत पुस्तक लिहिलें, आणि १९३८ सालीं लंडनच्या डेंट कंपनीनें त्यांचें इंग्रजी पुस्तक लुईझ मॉर्गन या वृत्तपत्रलेखिकेच्या संपादनाखालीं काढलें. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही १९१८ पासून १९४८ पर्यंत औंधासच राहून याच व्यायामाचा पुरस्कार करीत होते.

राजेसाहेबांचा विशेष असा कीं, त्यांनीं स्त्रियांस वगळलें नाहीं. घरच्या राणीसाहेबांसुद्धां सर्वांनीं नमस्कार घालावे, आणि ते घालणाऱ्या स्त्रीस प्रसूति सोपी जाते, असा त्यांचा ठाम दावा होता. ज्या काळीं गर्भारशीस वाकूं देखील देत नसत, त्या काळीं संस्थानाधिपतीनें हें छापून सांगणें लहान गोष्ट नव्हे. लंडनमध्येंही या कल्पना तेव्हां ताज्या होत्या. सेंट टॉमस रुग्णालयांतील मिनी रँडेल यांच्या साहाय्यानें मार्गारेट मॉरिस यांनीं बाळंतपणाच्या व्यायामांचें पुस्तक १९३६ सालीं, म्हणजे राजेसाहेबांच्या पुस्तकाआधीं दोनच वर्षें, काढलें होतें.

दाव्याची परीक्षा मात्र केली पाहिजे. औंधाच्या दहा स्थितींच्या नमस्कारांत पाठ, पोट, मांड्या व श्वास यांस सर्वांगीण व्यायाम आहे. कणा सरळ राहतो, दम वाढतो, बद्धकोष्ठ कमी होतो. आणि बद्धकोष्ठ कमी झाला तर कुंथण्याचा ताणही कमी. हें सर्व गर्भिणीस हितकर. परंतु तळाच्या स्नायूंचें स्वतंत्र आकुंचन त्या दहा स्थितींत नाहीं, आणि कांहीं स्थितींत श्वास क्षणभर धरावा लागतो, जें सैल अंगाच्या स्त्रीस आजचे तज्ज्ञ करूं देत नाहींत. सोप्या प्रसूतीचा दावा अनुभवावर उभा होता, मोजदादीवर नव्हे. राजेसाहेबांच्या हातीं मूळबंधाचें वर्णन असलेली ज्ञानेश्वरी होती, समोर व्यायाम करण्यास तयार असलेल्या स्त्रिया होत्या, आणि स्वतःचा छापखाना होता. इतकें असूनही दोहोंची सांगड पडली नाहीं. त्यांच्या कार्याचें मोल आम्ही यामुळें कमी लेखीत नाहीं. ते बहुतेकांहून पुष्कळ पुढें गेले होते.

मोजदाद करणारे एक गृहस्थ त्याच वेळीं घाटावर होते. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि त्याच वर्षीं नौलीच्या वेळीं आंतड्यांतील दाब पाऱ्याच्या दाबमापकानें मोजून तो बाहेरील हवेच्या दाबाहून खालीं जातो असें दाखविलें. ओटीपोटांतील दाब यंत्रानें मोजण्याची ही कल्पना केगलच्या यंत्राहून चोवीस वर्षें आधींची. पण त्या प्रयोगाचा विषय योगक्रिया होता; बाळंतीण त्यांत नव्हती.

या सर्व व्यवहारांत एकच जागा अशी दिसते जेथें मराठी स्त्री-वाचक आणि औंधाचा मुलूख एकत्र येतात. कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांस राजेसाहेबांनीं जागा दिली आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. तेथूनच ऑगस्ट १९३० मध्यें शंकरराव किर्लोस्करांनीं ‘स्त्री’ मासिक सुरू केलें. त्याचे १९३० ते १९४८ पर्यंतचे अंक या दृष्टीनें ओळीनें चाळले पाहिजेत, विशेषतः वाचकांचीं पत्रें व जाहिराती. जें दुखणें दफ्तरांत सांपडत नाहीं तें जाहिरातींत सांपडण्याचा संभव अधिक.

कारण हें दुखणें बोललें जात नाहीं, हीच त्याच्या इतिहासाची मुख्य अडचण आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोलीकडील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत शेंकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोगांपैकीं कांहीं ना कांहीं आढळलें, आणि पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या शेंकडा ८ च निघाल्या. ते बहुतांशीं दुसरे रोग होते. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस जर ही मुग्धता, तर शंभर-दोनशें वर्षांपूर्वींच्या कागदांत उघड तक्रार सांपडेल अशी आशा करणें व्यर्थ.

ज्यांनीं घरगुती बाडें हाताळलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, स्तोत्रें, भूपाळ्या, पाळणे, शकुनवंती यांच्या मधल्या कोऱ्या जागेंत मोडींत औषधें टिपलेलीं असतात. बाळंतकाढ्याचीं वजनें, धुरीचीं द्रव्यें, कधीं ‘अंग’ एवढाच शब्द व पुढें दोन झाडपाल्यांचीं नांवें. याद्या करितांना आम्ही संग्राहक तेथें ‘किरकोळ औषधें’ एवढें लिहून पुढच्या पानाकडे जातों. कराड, वाई, मिरज, तासगांव, औंध येथील घराण्यांच्या बाडांची यादी नव्यानें करतांना निदान तीन गोष्टी नोंदल्या जाव्यात : टिपण कोणाच्या हातचें, कोणासाठीं, आणि त्यांत बाळंतिणीनें स्वतः करावयाची एखादी क्रिया सांगितली आहे काय. यांपैकीं तिसऱ्या प्रश्नास होकारार्थी उत्तर देणारें एक जरी पान कृष्णाकांठीं निघालें, तरी वर दिलेला आमचा निर्णय बदलावा लागेल.